मोमीन मॅडमचं तिसरं वाचन

मोमीन मॅडमना लग्नाची पत्रिका द्यायला स्टाफरूममधले लोक बिचकायचे. बाकीचे प्राध्यापक पत्रिका हातात घेत, गणपतीच्या चित्रावरून नजर फिरवत, "अरे वा, कार्यालय कुठलं?" असं विचारत आणि ती ड्रॉवरमध्ये सरकवत. मॅडम ती उभ्या उभ्या पूर्ण वाचत, वरच्या 'प्रसन्न'पासून खालच्या छापखान्याच्या नावापर्यंत. मग चष्मा कपाळावर चढवून विचारत,

"मुलीच्या आईचं नाव दिसलं नाही."

"अहो मॅडम, आमच्यात तशी पद्धत नाही."

"पद्धत नाही विचारली. नाव विचारलं."

समोरचा अवघडून नाव सांगे. मॅडम ते एकदा स्वतःशी उच्चारत, "छान आहे," म्हणत आणि पत्रिका पिशवीत ठेवत. पिशवीतच, कारण त्यांना ड्रॉवर नव्हता. कपाट नव्हतं. दाराला लागून एक खुर्ची होती, दार उघडलं की तिच्या पाठीवर आपटणारी. त्या खुर्चीवर बसून मॅडमनी दहा-बारा वर्षं काढली.

कॉलेजचं नाव सांगत नाही. नाव सांगितलं की लोक तेवढंच वाचतात. शहराच्या मध्यवस्तीत आहे, कसब्यातून चालत जाता येतं, आणि मॅडम कसब्यातून चालतच येत. त्यांचे वडील बुकबाइंडर. घराच्या पुढच्या खोलीत शिवणकामाचा सांगाडा आणि खळीचं भांडं, आणि छापखान्यांतून आलेल्या फर्म्यांचे, म्हणजे छापलेल्या सुट्या तावांचे, गठ्ठे. लहानपणी मॅडम पुस्तकं वाचत ती या फर्म्यांतून, म्हणजे न शिवलेली, मागची पानं पुढे आणि पुढची गायब अशी. "गोष्टीचा शेवट आधी हाती लागायचा," त्या सांगत. "मग तो असाच का झाला, हे शोधत मागं जायचं. मला वाटायचं सगळेच असं वाचतात."

माझं लहानपण पत्रकांत गेलं. वडील कामगार संघटनेचे. वारज्याच्या आमच्या दोन खोल्यांत कॉटखाली पत्रकांचे गठ्ठे असत आणि त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर मी गणितं करत असे. 'जाहीर निषेध' हे शब्द मला स्वतःच्या आडनावाआधी लिहिता येत होते. त्यामुळे मराठी विषय घेऊन बी.ए.ला आलो तेव्हा वाचन या गोष्टीबद्दल मला काही शिकायचं उरलं आहे, असं मला वाटत नव्हतं.

पहिल्याच तासाला मॅडमनी पुस्तकातला एक उतारा काढायला सांगितला आणि म्हणाल्या, "पेन खाली ठेवा. हातही बाकाखाली. हे पहिलं वाचन. यात फक्त वाचायचं, समजून घ्यायचं नाही."

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी उतारा स्वतः मोठ्यानं वाचला, बातम्या वाचतात तसा, जरासुद्धा भाव न आणता. दुसऱ्या वाचनाला त्या प्रश्न विचारत आणि कोणीही काहीही उत्तर दिलं की त्यांचं एकच म्हणणं असे: "बोट ठेवा." म्हणजे पुस्तकात ज्या शब्दावरून तुम्ही हे म्हणताय, त्या शब्दावर प्रत्यक्ष बोट ठेवून दाखवा. लेखक दुःखी आहे? बोट ठेवा. गाव सुंदर आहे? बोट ठेवा. वर्गातली पोरं बोट घेऊन ओळींवरून फिरत, जागा सापडत नसे आणि ती मुकाट्यानं बोट मागं घेत. तिसऱ्या वाचनाला त्या म्हणत, "आता जे पानावर नाही ते वाचा." मात्र त्यालाही नियम होता. जे नाही, ते कशाच्या शेजारी नाही हे दाखवावं लागे. रिकाम्या जागेच्या दोन्ही बाजूंच्या शब्दांवर दोन बोटं.

गाइडवर त्यांनी कधी बंदी घातली नाही. उलट एकदा म्हणाल्या, "आणा की. आज तेच वाचू." कोणीतरी जाडजूड गाइड पुढे केलं. मॅडमनी त्यातलं उत्तर भाव न आणता वाचलं: "लेखकाने ग्रामीण जीवनाचे हृदयस्पर्शी चित्रण केले आहे." मग वर्गाकडे बघून, "कोणाच्या हृदयाला कुठे स्पर्श झाला? बोट ठेवा." पानभर उत्तरात बोट ठेवायला एक शब्द सापडेना. मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, पण मार्क यालाच पडतात."

"पडतात ना. परीक्षेत हेच लिहा," मॅडम म्हणाल्या. "फक्त लिहिताना आपण काय करतोय हे माहीत असू द्या."

तेव्हा हे वाक्य मला पटलं नव्हतं. मला सगळं किंवा काहीच नाही, एवढंच कळायचं.

मी लिहिलेलं एक पत्रक त्यांना वाचायला दिलं होतं. कॉलेजच्या मुलींच्या हॉस्टेलमध्ये पाणी येत नसे. आलं तरी सकाळी थोडा वेळ, करंगळीएवढी धार. मुली बादल्या घेऊन खालच्या नळाशी रांग लावत. मी दोन पानं लिहिली होती. त्यात भांडवलशाही होती, शिक्षणाचं बाजारीकरण होतं, शोषण तर प्रत्येक परिच्छेदात. मॅडमनी शिसपेन्सिल घेतली आणि म्हणाल्या, "विशेषणं आपण बाजूला ठेवू या. टाकायची नाहीत, नुसती बाजूला." एकेक करून ती बाजूला गेली. मग ज्या वाक्यांवर बोट ठेवता येईना ती गेली. शेवटी पानावर उरलं: 'हॉस्टेलमध्ये पाणी येत नाही.'

"हे छापा," त्या म्हणाल्या.

"एवढंच?"

"याला उत्तर द्यावं लागेल. बाकीच्याचा नुसता निषेध केला तरी त्यांना पुरतं."

छापलं. तीन-चार दिवस टँकर आला. मग बंद झाला.

मॅडम तासिका तत्त्वावर होत्या. ज्यांना ही व्यवस्था माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. जितके तास शिकवाल तितक्या तासांचे पैसे, सुट्टीत काही नाही, आणि दर जूनमध्ये नव्यानं मुलाखत. मॅडम पीएच.डी. होत्या, पात्रता परीक्षा केव्हाच पास झालेल्या. पण कायम जागांची भरती बंद होती आणि उघडेल उघडेल म्हणता म्हणता वयाची मर्यादा जवळ येत होती. दुसऱ्या कॉलेजांत अशीच दारामागची खुर्ची, आणि तीही कोणीतरी धरून ठेवलेली. बाहेरगावी जावं तर वडिलांची दृष्टी गेलेली. रोज सकाळी त्यांना पेपर वाचून दाखवायचा, जाहिरातींसकट, मग कॉलेज. एकदा मी विचारलं, "मॅडम, तुम्ही इथून निघून का जात नाही?" त्या म्हणाल्या, "कुठल्या दारानं, तेवढं सांगा."

संस्थेचे अध्यक्ष म्हणजे दादासाहेब. मुलाखत तेच घेत. दरवर्षी एकच प्रश्न. "मोमीन मॅडम, तुम्ही मराठी विषय का घेतलात?" आमच्या शिपाईकाकांनी सांगितलेला किस्सा आहे. एका वर्षी दादासाहेब कौतुकानं म्हणाले, "तुमचं मराठी फार शुद्ध हो. वाटतच नाही."

"काय वाटत नाही?" मॅडमनी विचारलं.

"नाही, म्हणजे..."

"वाक्य पूर्ण करा ना, सर. मी ऐकतेय."

दादासाहेबांनी पाणी मागवलं. त्या वर्षी मॅडमचे तास कमी झाले.

आता वैष्णवीबद्दल. ती आमच्याच वर्गात होती, मुळशीकडच्या एका खेड्यातली, हॉस्टेलवर राहायची. वर्गात तोंड उघडायची नाही, कारण तोंड उघडलं की 'आहे'च्या जागी 'हाय' बाहेर पडायचं आणि पेठेतली पोरं खुदखुदायची. मॅडमनी एकदा त्या पोरांना विचारलं होतं, "हसण्यासारखं काय आहे? बोट ठेवा." त्यानंतर हसू थांबलं, पण वैष्णवी तरीही बोलली नाहीच. तिनं भित्तिपत्रकासाठी एक लेख लिहून दिला. लेख कसला, परिच्छेदच. मला तो पाठ आहे:

'आमच्या गावात एक हौद आहे. राखणदाराने हौदाच्या काठावर गुलाब लावले आहेत. पहिले पाणी गुलाबांना. येणारेजाणारे थांबून गुलाब बघतात आणि राखणदाराचा हात हातात घेतात. बायका कळशा घेऊन येतात आणि कळशा घेऊन जातात. आमच्या कळशांना गुलाबाचा वास येतो.'

आमच्या कॉलेजच्या फाटकाशी दादासाहेबांची गुलाबवाटिका आहे. वडिलांच्या नावाची, कारंजं असलेली, बारा महिने हिरवी. पाहुणे आले की दादासाहेब आधी तिथे नेतात. त्यांनी भित्तिपत्रक बघितलं, त्यात गुलाब हा शब्द बघितला आणि स्नेहसंमेलनात माइकवरून म्हणाले, "आमच्या खेड्यातल्या लेकी निसर्गावर किती सुंदर लिहितात बघा!" वैष्णवीला स्टेजवर बोलावून गुलाबाचं फूल दिलं. ती ते हातात धरून उभी राहिली. तिचा चेहरा मी पाहिला. त्यावर काहीही नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मॅडमनी तो परिच्छेद वर्गात घेतला. त्यांना तो मनापासून आवडला होता. कोणाचंही लिहिणं आवडलं की त्यांना ते तीनदा वाचल्याशिवाय राहवत नसे. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या हाती समोर बसलेल्या मुलीचा मजकूर आला होता. पहिलं वाचन झालं. दुसरं सुरू झालं.

"कळशा भरल्या का?"

"नाही," पोरं म्हणाली.

"कुठे लिहिलंय? बोट ठेवा."

कोणालाच जमेना.

"भरल्या असं लिहिलंय?"

तेही नव्हतं.

"मग तुम्हाला त्या रिकाम्या का वाटल्या?"

हॉस्टेलवरचीच एक मुलगी म्हणाली, "भरल्या असत्या तर पाण्याचं लिहिलं असतं, मॅडम. वासाचं कोण लिहितंय?"

मॅडमचा चेहरा उजळला. तो चेहरा मी विसरणार नाही. त्या अशा वेळी जवळजवळ लहान मुलीसारख्या दिसत. तिसरं वाचन सुरू झालं. राखणदाराला नाव का नाही? बायका काही बोलत का नाहीत? येणारेजाणारे कळशांकडे का बघत नाहीत? वर्ग पेटला होता. कधी नव्हे ते सगळे बोलत होते. आणि त्या भरात मॅडमनी विचारलं, "मग हा हौद आहे कुठे? बोट ठेवा."

मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला, खिडकीपाशी गेला, हात बाहेर काढला आणि खाली गुलाबवाटिकेकडे बोट केलं.

वर्ग असा हसला की शेजारच्या वर्गातले सर येऊन बघून गेले. वैष्णवी हसत नव्हती. मॅडमही नव्हत्या. त्यांनी खिडकी लावून घेतली आणि म्हणाल्या, "पुस्तकं उघडा. पान पुढचं." पण कोणाच्या तरी मोबाइलमध्ये सगळं उतरलं होतं. दुपारपर्यंत ते सगळ्यांच्या स्टेटसला होतं आणि संध्याकाळपर्यंत दादासाहेबांच्या घरी.

दोन दिवसांनी मॅडमना प्राचार्यांच्या केबिनमध्ये बोलावलं. वैष्णवीला बाहेर बाकावर बसायला सांगितलं होतं. मी तिच्याबरोबर होतो. केबिनचं पार्टिशन छतापर्यंत जात नाही, आतलं सगळं ऐकू येतं.

प्राचार्य म्हणत होते, "प्रश्न साधा आहे मॅडम. लेख कशावर आहे?"

"आपण वाचलाय का, सर?"

"अहो, वाचलाय म्हणजे... चाळलाय."

मग दादासाहेबांचा आवाज. चिडलेला नव्हता, थकलेला होता. "मी माइकवरून कौतुक केलं त्या लेखाचं. चारशे लोकांसमोर. आता मी वाटिकेत उभा राहिलो की पोरं तोंड फिरवून हसतात. परवा माझा नातू हसला. घरात." मग म्हणाले, "मॅडम, दोनच गोष्टी होऊ शकतात. लेखातला राखणदार मी असेन, तर ती मुलगी इथे राहत नाही. हॉस्टेल बंद, नाव कमी. मी नसेन, तर ते सगळ्यांना कळलं पाहिजे. वर्गात तुम्हीच समजावलंत. आता हॉलमध्ये समजवा."

"काय समजवू?"

प्राचार्य समजुतीच्या सुरात म्हणाले, "निसर्गवर्णन आहे म्हणून. दादासाहेबांच्या वाढदिवसाचा कार्यक्रम आहेच परवा. दहा मिनिटं बोला. मुलगीही सुटते, आपलीही शोभा राहते. यात कोणाचं नुकसान आहे, सांगा?"

खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

त्या बाहेर आल्या तेव्हा वैष्णवी उठून उभी राहिली. "मॅडम, गुलाबावरच हाय म्हना. माझं काय जातंय? हॉस्टेल सुटलं तर मला घरी न्यायला चुलता यील. एकदा घरी गेले की पुन्हा कोन पाठवतंय? त्यांनी पोरगा बघूनच ठेवलाय." ती रडत नव्हती. बस चुकेल अशा घाईनं बोलत होती.

मी मध्ये पडलो. "मॅडम, तुम्ही खरं सांगा. लेख त्यांच्यावर आहे आणि बरोबर आहे, असं स्टेजवरून सांगा. आम्ही सगळे तुमच्या मागे उभे राहू."

"सगळे म्हणजे कोण?" मॅडमनी विचारलं. "नावं सांगा."

मी दोन-तीन नावं घेतली. ती वारज्याची होती, कोथरूडची होती. मॅडमनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमच्यापैकी कोणाचं हॉस्टेल जाणार आहे?" मग वैष्णवीकडे वळल्या. वर्गात त्या आम्हाला सगळ्यांना अहो-जाहो करत. तिला म्हणाल्या, "तू लिहिताना राखणदार कोण होता, हे मला सांगू नकोस. मला माहीत नसलेलं बरं." आणि जिना उतरून गेल्या.

मी मनातल्या मनात त्यांचं भाषण लिहून काढलं होतं. मला वाटलं होतं, त्या स्टेजवर जाऊन परिच्छेद नुसता वाचतील, त्यांच्या त्या कोरड्या आवाजात, आणि सगळं सभागृह समजून जाईल. किंवा फारसं पटणार नाही असं काहीतरी बोलतील, अडखळतील, मुद्दाम. खोटं बोलणाऱ्या चांगल्या माणसानं निदान वाईट बोलावं, अशी माझी अपेक्षा होती.

मॅडम फार उत्तम बोलल्या.

निळी साडी होती. माइक त्यांच्या उंचीला खाली घ्यावा लागला. समोर पहिल्या रांगेत दादासाहेब, शाल पांघरलेले. मॅडम म्हणाल्या, "कोणताही मजकूर वाचताना त्यात जे नाही ते आपण घालायचं नसतं. या लेखात कळशा रिकाम्या आहेत असं कुठे लिहिलंय? कुठेच नाही. लेखिका म्हणते, कळशांना गुलाबाचा वास येतो. म्हणजे काठावरच्या फुलांनी पाणीसुद्धा सुगंधी झालंय. 'पहिले पाणी गुलाबांना' या ओळीतली माया बघा. जो माणूस झाडाला आधी पाजतो, तो माणसांना तहानलेलं कसा ठेवेल? बायका बोलत नाहीत, कारण त्या तृप्त आहेत. तृप्त माणूस गप्प असतो. राखणदाराला नाव नाही, कारण त्याला नावाचा हव्यास नाही."

प्रत्येक वाक्याला पुरावा होता. प्रत्येक पुरावा मजकुरातला होता. वर्गात ज्या जागांवर आम्ही बोटं ठेवली होती, नेमक्या त्याच जागांवरून त्या उलट्या दिशेनं निघाल्या होत्या आणि एकही पाऊल चुकत नव्हतं. ऐकता ऐकता एका क्षणी मलासुद्धा वाटून गेलं की आपणच चुकलो असू, की खेड्यातल्या एका मुलीनं खरंच गुलाबांवर लिहिलं होतं. या क्षणाचा राग मला अजून आहे. मी मागं वळून वैष्णवीला शोधलं. ती हॉस्टेलच्या मुलींत बसली होती आणि स्टेजकडे बघत होती, डॉक्टर आपला रिपोर्ट वाचत असताना माणूस बघतो तसं.

टाळ्या पडल्या. दादासाहेब उठले. त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते. त्यांनी मॅडमना शाल दिली, नारळ दिला आणि वाटिकेतला एक टपोरा गुलाब. मॅडमनी तो घेतला. फोटो निघाला.

वैष्णवीचं हॉस्टेल राहिलं, नाव राहिलं, वर्ष राहिलं. प्राचार्यांनी शब्द पाळला. जूनच्या मुलाखतीत, शिपाईकाका सांगतात, दादासाहेबांनी प्रश्नच विचारला नाही. "तुम्हाला काय विचारायचं मॅडम? तुम्ही आमच्याच," म्हणाले. मॅडमनी तेही ऐकून घेतलं.

वर्गात मात्र काहीतरी बिनसलं. कार्यक्रमानंतरच्या पहिल्या तासाला मॅडमनी एका कवितेचा अर्थ विचारला. मागून प्रश्न आला, "मॅडम, वर्गातला सांगू की हॉलमधला?"

सगळे हसले. मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला जो दिसतो तो सांगा. माझ्यावर विश्वास ठेवा असं मी कधी म्हटलं होतं?"

म्हटलं नव्हतं, हे खरं. पण आम्ही ठेवला होता. त्यानंतर त्या दोनच वाचनं घेत. दुसरं झालं की पुस्तक मिटत आणि म्हणत, "बाकी घरी." कोणी तक्रार केली नाही. अभ्यासक्रम वेळेत संपू लागला, म्हणून प्राचार्य खूश होते.

मी त्यांच्याशी बरेच दिवस बोललो नाही. एकदा स्टाफरूमच्या दारातच गाठ पडली तेव्हा न राहवून म्हणालो, "निदान थोडं वाईट तरी बोलायचं होतं, मॅडम."

"वाईट बोलले असते तर त्यांना संशय आला असता," त्या म्हणाल्या. "मग मुलगी गेलीच असती. आणि मी खोटंही बोलले असते. दोन्ही." दार उघडलं. कोणीतरी आत जात होतं. दार खुर्चीवर आपटलं. मॅडमनी खुर्ची थोडी सरकवून घेतली.

वैष्णवी बी.ए. झाली. आता स्वारगेटजवळ एका ऑफिसात काम करते, मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. चुलत्यानं बघितलेल्या मुलाचं दुसरीकडे लग्न झालं. मी आता एक छोटं मासिक काढतो, त्यासाठी तिच्याकडे लेख मागायला गेलो होतो. 'हौद'सारखा काहीतरी दे म्हणालो. ती चहा ढवळत म्हणाली, "मॅडमनी मला वाचवलं. मी त्यांना कधी नाव ठेवनार न्हाई. पर लिहायला बसले की भ्या वाटतं. आपलं कुनी नीट वाचलं तर?"

लेख तिनं दिला नाही.

मागच्या महिन्यात दाखल्याच्या कामासाठी कॉलेजवर गेलो. फाटकातून आत शिरलो आणि थबकलो. गुलाबवाटिकेत काळ्या ग्रॅनाइटची पाटी उभी केली आहे. सोनेरी अक्षरांत वैष्णवीचा परिच्छेद, तिच्या नावासह. खाली बारीक अक्षरांत त्याचं रसग्रहण: पाणी सुगंधी झालं, राखणदाराला नावाचा हव्यास नाही, वगैरे. त्याखाली 'प्रा. डॉ. रेहाना मोमीन.' कारंजं चालू होतं. मागे हॉस्टेलच्या नळाशी बादल्यांची रांग होती, पूर्वी असायची तशीच.

पाटीसमोर पहिल्या वर्षाची दहा-पंधरा मुलंमुली उभी होती आणि त्यांच्या कडेला मॅडम. केस बरेच पांढरे झालेत. बहुधा नव्या विद्यार्थ्यांना कॉलेज दाखवायचं काम त्यांच्याकडे आलं असावं. असली कामं तासिकावाल्यांकडेच येतात. त्यांनी मला पाहिलं नाही. त्या पाटीकडेही बघत नव्हत्या. पोरांचे मोबाइल निघाले होते, फोटो चालले होते. एक सडपातळ मुलगी मात्र पुढे होऊन वाचत होती. तिच्या हातात प्लास्टिकची रिकामी कॅन होती, म्हणजे हॉस्टेलचीच. तिनं वरचा मजकूर वाचला, खालचा वाचला, मान वळवून नळाकडे पाहिलं आणि पुन्हा वरचा वाचला.

"मॅडम," ती म्हणाली, "खाली ज्यांनी लिहिलंय ना, त्यांना कळलेलंच नाहीये."

मॅडम तिच्याकडे वळल्या. त्यांचं तोंड उघडलं. मला वाटलं, आता त्या 'बोट ठेवा' म्हणतील, आता त्यांचा चेहरा पूर्वीसारखा उजळेल. तेवढ्यात प्राचार्य मागून आले. "काय मॅडम, आमची वाटिका दाखवताय वाटतं? दाखवा, दाखवा. मुलांनो, ही पाटी नीट वाचा बरं का. यांनीच लिहिलंय हे."

मुलीनं जीभ चावली. "सॉरी मॅडम. मला माहीत नव्हतं."

"असू दे," मॅडम म्हणाल्या.

प्राचार्य तिथेच उभे राहिले, हात मागे बांधून, गुलाब बघत. मॅडमनी मुलांना ग्रंथालयाकडे चालायला सांगितलं. मुलं निघाली. ती मुलगी निघाली नाही. ती पाटीकडे बघत होती आणि मग मॅडमकडे, आणि तिच्या चेहऱ्यावर संकोच राहिलेला नव्हता. तिला काहीतरी विचारायचं होतं आणि उत्तर मिळेपर्यंत ती हलणार नव्हती. मॅडमही हलल्या नाहीत. प्राचार्य एका कळीचा वास घेत होते.

"तुझं नाव काय?" मॅडमनी तिला विचारलं.

तिनं सांगितलं. कारंज्याच्या आवाजात मला ते ऐकू आलं नाही.